रोझ टेस्ट नीट कशी करायची: सोल्डर केलेल्या बोर्डांची आयनिक स्वच्छता

शेतातल्या पंप स्टार्टरचा कंट्रोल बोर्ड पावसाळा संपता संपता परत येतो. भिंगाखाली धरला की दोन पायांच्या मधे झाडाच्या मुळांसारखी धातूची बारीक जाळी दिसते. फ्लक्समधले (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायच्या रसायनातले) किंवा हाताच्या घामातले आयन (विद्युतभारित कण), हवेतली ओल आणि दोन पायांमधला व्होल्टेज, एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्या की ही जाळी वाढते. मग जुनी फाइल काढली जाते आणि त्या लॉटच्या रोझ टेस्टच्या रिपोर्टवर ‘०.९, पास’ असं लिहिलेलं सापडतं.

असे रिपोर्ट मी बरेच पाहिले आहेत. मशीन क्वचितच खोटं बोलतं. चूक असते ती बोर्ड टाकीत जाण्याआधीच्या अर्ध्या तासात, क्षेत्रफळाच्या हिशोबात, किंवा आलेल्या आकड्याचा अर्थ लावण्यात. म्हणून हा लेख त्या तीन जागांवर जास्त थांबतो.

रोझ (ROSE) टेस्टमध्ये आपण बोर्ड आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि डीआय पाण्याच्या (आयन काढून टाकलेल्या पाण्याच्या) द्रावणात बुडवतो. बोर्डावरचे आयन द्रावणात उतरतात, द्रावणाची विद्युतवाहकता वाढते, आणि ती वाढ ‘इतक्या मिठाएवढी’ अशा हिशोबात मोजली जाते. आकडा मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये येतो. बोर्डावर मीठच आहे, असा त्याचा अर्थ नाही. तिथे जे काही आयन आहेत ते सगळे मिळून तेवढ्या मिठाइतकी वीज वाहून नेतात, एवढंच तो सांगतो. आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संस्थेच्या टीएम-६५० या चाचणी-पद्धतींच्या संग्रहातली २.३.२५ ही पद्धत याच टेस्टची आहे.

## १. टेस्ट कुठल्या टप्प्यावर घ्यायची ते आधी ठरवा

बोर्ड सोल्डर झालेला, धुतला जात असेल तर धुऊन वाळलेला, आणि कोटिंग (ओलीपासून वाचवणारा वरचा थर) न केलेला असावा. कोटिंगनंतर टेस्ट घेण्यात अर्थ नाही. घाण कोटिंगखाली बंद होते, टाकीत उतरत नाही, आणि आकडा सुंदर येतो. वर काही कोटिंग आयपीएमध्ये मऊ पडतात आणि टाकी खराब करतात.

सोल्डरिंगनंतर किती वेळाने टेस्ट घ्यायची हेही एकदा ठरवून लिहून ठेवा. आज तासाभरात आणि उद्या दोन दिवस रॅकवर पडलेल्या बोर्डावर घेतली, तर त्या दोन आकड्यांची तुलना करता येत नाही.

उघडे रिले, सील नसलेले स्विच, बझर, ट्रिमपॉट असे भाग असलेला बोर्ड टाकीत घालू नका. द्रावण आत शिरतं आणि बाहेर येताना आतली घाण घेऊन येतं. अशा बोर्डासाठी ते भाग न बसवलेला नमुना त्याच लाइनवरून, त्याच फ्लक्सने, त्याच वेगाने काढून घ्या.

सावध: ‘स्पेशल’ नमुना काढू नका. टेस्टसाठी म्हणून ऑपरेटरने जपून केलेला बोर्ड लाइनबद्दल काहीच सांगत नाही. चालू शिफ्टमधून, न सांगता उचला. टचअप (हाताने पुन्हा सोल्डर) झालेले बोर्डही त्यात येऊ द्या.

## २. द्रावण

प्रमाण बहुतेक ठिकाणी आकारमानाने ७५ टक्के आयपीए आणि २५ टक्के डीआय पाणी असं असतं. काही मशीनवर ५०-५० चालवतात. तुमच्या मशीनचं जे असेल ते धरा आणि मध्येच बदलू नका, कारण प्रमाण बदललं की आधीचे सगळे आकडे तुलनेतून बाद होतात.

पाण्यात सगळ्यात जास्त चूक होते. आरओचं पाणी म्हणजे डीआय पाणी नाही. आरओमध्ये क्षार कमी झालेले असतात, संपलेले नसतात. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारं पाणीही भरवशाचं नाही. मीटर लावून बघितल्याशिवाय कुठलंही पाणी टाकीत जाऊ देऊ नका. तुलनेसाठी लक्षात ठेवा: पूर्ण शुद्ध पाण्याची रोधकता (वाहकतेच्या उलट, जितकी जास्त तितकं पाणी शुद्ध) २५ अंशांना १८.२ मेगोहम-सेंमी असते.

आयपीए चांगल्या ग्रेडचा घ्या. लाइनवर सोल्डर पेस्टची स्टेन्सिल पुसायला वापरतो त्या कॅनमधला नको. तो कॅन दिवसभर उघडा असतो आणि त्यात ब्रश बुडवले जातात.

आयपीए आणि पाणी मिसळलं की मिश्रण थोडं गरम होतं आणि त्यात बारीक बुडबुडे दिसतात. ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा. वाहकता तापमानाबरोबर बदलते, त्यामुळे गरम द्रावणावर घेतलेला शून्य हा शून्य नसतो.

आयपीए उडून जात राहतो, तेव्हा आज बरोबर असलेलं प्रमाण पंधरा दिवसांनी बरोबर नसतं. हायड्रोमीटरने घनता बघा आणि मशीनच्या पुस्तकातल्या तापमानाच्या तक्त्याशी जुळवा. अंदाजाने ‘थोडा आयपीए घाल’ ही पद्धत बंद करा.

सावध: आयपीए सुमारे १२ अंश सेल्सियसलाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतो, म्हणजे आपल्याकडे जवळपास वर्षभर. ती वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. टाकीजवळ सोल्डरिंग आयर्न, हॉट एअर गन, साधा टेबल फॅन नको. एक्झॉस्ट चालू, झाकण लावलेलं आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी.

## ३. मशीन तयार करणं: आधी कोरी फेरी, मग मिठाची

द्रावण डीआय कॉलममधून (आयन शोषून घेणाऱ्या मशीनच्या भागातून) फिरवत राहा, मशीनने ठरवलेल्या स्वच्छतेपर्यंत. नेहमीपेक्षा फार वेळ लागत असेल तर कॉलम संपत आला आहे. घाईत अर्धवट स्वच्छ द्रावणावर टेस्ट सुरू करू नका.

मग बोर्ड न घालता, एरवी जितका वेळ टेस्ट चालते तितकाच वेळ मशीन चालवा. ही कोरी फेरी. बोर्ड नसतानाही आकडा हळूहळू चढतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो आणि आयन तयार करतो. पंप जोरात असेल, द्रावण वरून फवारलं जात असेल किंवा झाकण उघडं असेल तर जास्त चढतो. ही चढ रोज मोजा आणि लिहा. एखाद्या दिवशी ती दुप्पट झाली, तर त्या दिवशीचे बोर्डाचे आकडे फुगलेले असणारच.

त्यानंतर मिठाची फेरी. माहीत असलेल्या ताकदीचं मिठाचं द्रावण मोजून टाकीत सोडायचं आणि मशीन तेवढंच दाखवतं का ते बघायचं. एका लिटरमध्ये ०.०६ ग्रॅम सोडियम क्लोराइड असेल तर एका मिलिलिटरमध्ये ६० मायक्रोग्रॅम झाले. ५ मिलिलिटर सोडले की मशीनने ३०० च्या आसपास दाखवायला हवं. किती फरक चालेल ते मशीनच्या पुस्तकात असतं. स्वयंपाकघरातलं मीठ घेऊ नका, त्यात आयोडीनची आणि गुठळ्या न होऊ देणारी द्रव्यं असतात.

तपासा: कोरी फेरी आणि मिठाची फेरी दोन्ही नेहमीच्या हद्दीत आल्या का? नसतील तर बोर्ड टाकीत घालू नका. इथे घालवलेला अर्धा तास पुढे अख्खा लॉट अडवण्यापेक्षा स्वस्त पडतो.

## ४. बोर्ड हाताळणं

लाइनपासून टाकीपर्यंतच्या प्रवासात बोर्ड जितका मळतो तितका पुष्कळदा सोल्डरिंगमध्येही मळत नाही. घामात सोडियम आणि क्लोराइड भरपूर असतं, आणि मे महिन्यात शॉपफ्लोअरवर कुणाचे हात कोरडे असतात?

पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे घाला, ते टेस्टपुरतेच घाला, बोर्ड कडेने धरा. मोजे घालून कपाळ पुसलं किंवा मोबाइल उचलला की ते मोजे बदला. मोज्यांचा नवा ब्रँड आला की एक मोजा स्वच्छ चिमट्याने धरून कोऱ्या फेरीसारखा टाकीत घालून बघा. काही मोजे स्वतःच आयन सोडतात.

पिशव्यांचंही तेच. आमच्या लाइनवर एकदा तीन दिवस आकडे चढत राहिले. फ्लक्स बदलला, वेव्हचा (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेणाऱ्या मशीनचा) वेग बदलला, धुण्याचं पाणी तपासलं, काही हाती लागेना. शेवटी लक्षात आलं की लाइनवरून टेस्ट रूमपर्यंत बोर्ड गुलाबी अँटिस्टॅटिक बबल पिशवीत यायला लागले होते. त्या प्लॅस्टिकवरचं अँटिस्टॅटिक द्रव्य बोर्डाला लागत होतं. स्वच्छ साध्या पिशवीत आणल्याबरोबर आकडे जागेवर आले. त्या तीन दिवसांत एका चांगल्या ऑपरेटरला विनाकारण बोलणी बसली, याचं वाईट आजही वाटतं. तेव्हापासून पॅकिंग बदललं की नव्या पिशवीचा तुकडा आधी टाकीत जातो.

पुठ्ठ्याचा बॉक्स, फोम, वर्तमानपत्र यांच्यावर बोर्ड ठेवू नका. ओव्हनमधून किंवा धुण्यातून गरम आलेला बोर्ड आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ओला बोर्डही घालू नका, त्याने द्रावणाचं प्रमाण बदलतं.

## ५. क्षेत्रफळ: रिपोर्ट इथे चुकतात

मशीन एकूण मायक्रोग्रॅम मोजतं आणि तुम्ही दिलेल्या क्षेत्रफळाने भागतं. क्षेत्रफळ चुकलं की बाकी सगळं अचूक करूनही उत्तर चुकीचंच येणार.

एक हिशोब करू. बोर्ड १० गुणिले १६ सेंमी. एका बाजूचं क्षेत्रफळ १६०, दोन्ही बाजूंचं ३२० चौरस सेंमी. कंपोनंटच्या पृष्ठभागासाठी तुमच्या कार्यपद्धतीत समजा १० टक्के ठरले आहेत, तर एकूण ३५२. मशीनने एकूण २८० मायक्रोग्रॅम मोजले. २८० भागिले ३५२ म्हणजे ०.८०.

हाच बोर्ड, पण ऑपरेटरने एकच बाजू धरली: २८० भागिले १६० म्हणजे १.७५. चांगला लॉट अडकला. उलट, अनेक बोर्ड एकत्र असलेल्या पॅनेलमधून एकच बोर्ड तोडून टाकीत घातला आणि क्षेत्रफळ मात्र अख्ख्या पॅनेलचं दिलं, तर घाणेरडा लॉट पास होऊन बाहेर जातो. दुसरी चूक जास्त धोक्याची, कारण तिची कुणी तक्रार करत नाही.

कंपोनंटसाठी किती टक्के धरायचे यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. दाट बोर्डाला जास्त, विरळ बोर्डाला कमी, असा एक आकडा प्रत्येक मॉडेलसाठी ठरवा, ड्रॉइंगवर लिहा आणि सगळ्या शिफ्टना तोच वापरायला लावा.

एककही बघा. पास-नापासाची जुनी हद्द १.५६ मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंमी (तिच्याबद्दल पुढे सातव्या भागात), म्हणजेच १०.०६ मायक्रोग्रॅम प्रति चौरस इंच. जुनं मशीन इंचात आणि ग्राहकाचा कागद सेंटिमीटरमध्ये असला की साडेसहा पट गोंधळ होतो.

बोर्ड फारच छोटा असेल, समजा ४ गुणिले ५ सेंमी, तर दोन्ही बाजू मिळून ४० चौरस सेंमीच भरतात. मोठ्या टाकीत एवढ्याशा बोर्डाची घाण कोऱ्या फेरीच्या चढीत हरवते. त्याच लॉटचे आठ-दहा बोर्ड एकत्र घाला आणि सगळ्यांचं क्षेत्रफळ द्या.

## ६. टेस्टची फेरी

बोर्ड उभा, पूर्ण बुडेल असा ठेवा. बास्केटला किंवा दुसऱ्या बोर्डाला चिकटू देऊ नका. हळू सोडा, म्हणजे कनेक्टरच्या आणि मोठ्या आयसीच्या खाली हवा अडकत नाही. झाकण लगेच लावा.

वेळ प्रत्येक बोर्डाला सारखीच. आम्ही १५ मिनिटं धरतो. आकडा स्थिर झालासा वाटला म्हणून आठव्या मिनिटाला थांबवू नका. आयसीच्या खालची घाण सावकाश बाहेर येते. बंद टाकीत तेच द्रावण फिरवणारं मशीन आणि द्रावण सतत कॉलममधून गाळत बेरीज करणारं मशीन, या दोन प्रकारांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. ग्राहकाकडे एक आणि तुमच्याकडे दुसरं असेल तर ते आधीच बोलून घ्या.

तपासा: महिन्यातून एकदा, फेरी संपल्यावर द्रावण पुन्हा स्वच्छ करून तोच बोर्ड परत घाला. दुसऱ्या वेळी अगदी थोडंच निघायला हवं. पहिल्याच्या निम्मं निघालं, तर तुमची ठरलेली वेळ त्या मॉडेलला पुरत नाही.

नोंदीत एवढं हवंच: मॉडेल, लॉट, फ्लक्स आणि सोल्डर पेस्टचा बॅच, क्षेत्रफळ, द्रावणाचं तापमान आणि घनता, कोरी फेरी, मिठाची फेरी, वेळ, आकडा, टेस्ट करणाऱ्याचं नाव. ‘पास’ एवढाच शब्द लिहिलेली नोंद सहा महिन्यांनी कुणाच्या कामाची नाही.

### मशीन नसेल तर

हाताने करायची जुनी पद्धतही आहे. स्वच्छ फनेलवर बोर्ड धरून दर चौरस सेंमीला १.५५ मिलिलिटर द्रावण त्याच्यावरून सोडायचं. वरच्या बोर्डाच्या ३२० चौरस सेंमीला साधारण ४९६ मिलिलिटर. द्रावण आधी किमान ६ मेगोहम-सेंमीचं असलं पाहिजे आणि ते सोडायला किमान एक मिनिट घ्यायचं. खाली जमलेल्याची रोधकता २ मेगोहम-सेंमी आली, तर ती जुन्या १.५६ च्या बरोबरीची. मीटर मायक्रोसीमेन्समध्ये दाखवत असेल तर २ मेगोहम-सेंमी म्हणजे ०.५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी. हात आणि भांडी स्वच्छ नसतील तर या पद्धतीचा काडीचा उपयोग नाही.

## ७. आकडा वाचणं

१.५६ ही हद्द रोझिन फ्लक्स वापरून नंतर धुतलेल्या बोर्डांच्या काळातली. आजचा नो-क्लीन (नंतर न धुवायचा) फ्लक्स, बारीक पिच (पायांमधलं लहान अंतर) आणि आयसीच्या पोटाखालचे पॅड तिच्यासमोर नव्हते. २०१८ मध्ये जे-एसटीडी-००१ या सोल्डरिंगच्या मानकाच्या सुधारणेत ती सरसकट स्वीकृतीची हद्द म्हणून काढली गेली. आता तुमची स्वतःची प्रक्रिया चांगली असल्याचा पुरावा तुम्हीच उभा करायचा असतो. तरीही कितीतरी चेकशीटवर अजून ‘१.५६ च्या खाली = पास’ असंच छापलेलं असतं.

मग आकड्याचं काय करायचं? त्याने प्रक्रिया हलली का ते बघायचं. समजा, चांगल्या ठरलेल्या प्रक्रियेतल्या बोर्डांची सरासरी ०.४२ आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात ते) ०.०५ आहे. सरासरीत तीन विचलनं मिळवली की वरची हद्द ०.५७. आज ०.९० आला. जुन्या हिशोबाने तो आरामात पास आहे. पण तुमची लाइन आज कालच्यासारखी चाललेली नाही, हे तो ओरडून सांगतो आहे. लॉट थांबवा, कारण शोधा.

नो-क्लीनच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. सोल्डरिंगच्या उष्णतेनंतर उरलेले ॲक्टिव्हेटर (फ्लक्समधली धातू साफ करणारी रसायनं) रेझिनच्या थरात बंद होऊन पडावेत, अशी त्याची रचना असते. टेस्टचा आयपीए तो थरच विरघळवतो आणि आतलं बाहेर काढतो. म्हणून नो-क्लीन बोर्डाचा आकडा मोठा आला तरी तो शेतात बिघडेलच असं नाही, आणि लहान आला म्हणून टिकेलच असंही नाही.

दुसरी मर्यादा सरासरीची. ३५२ चौरस सेंमीच्या बोर्डावर एका चौरस सेंमीच्या आयसीखाली ४० मायक्रोग्रॅम अडकले आणि सगळे टाकीत उतरले, तरी आकड्यात भर फक्त ०.११ ची. पण त्या एका जागी ते ४० मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंमी आहेत, आणि बोर्ड मरणार तिथेच.

अशा ठिकाणी पुढच्या दोन टेस्ट लागतात. आयन क्रोमॅटोग्राफी (पद्धत २.३.२८) कुठला आयन किती, ते वेगवेगळं सांगते: क्लोराइड, ब्रोमाइड, सल्फेट, फ्लक्समधली सेंद्रिय आम्लं, सोडियम. त्यासाठी बोर्ड स्वच्छ पिशवीत द्रावणासह ८० अंशांना एक तास ठेवतात. आणि पृष्ठभागाची इन्सुलेशन रोधकता मोजणारी एसआयआर टेस्ट: ४० अंश, ९० टक्के आर्द्रता, १६८ तास, रोधकता १०० मेगोहमच्या वर. नवा फ्लक्स, नवी पेस्ट किंवा नवं धुणं आलं की ही एसआयआर करा, आणि त्या प्रक्रियेचे रोझचे आकडे मग आपली रोजची हद्द म्हणून वापरा.

## ८. आकडा चढला तर शोध या क्रमाने

आधी स्वतःची बाजू: कोरी फेरी, मिठाची फेरी, क्षेत्रफळ, मोजे, पिशवी. हे निर्दोष ठरल्याशिवाय लाइनवर जाऊ नका.

मग कोरा पीसीबी, काहीही न लावलेला. व्हेंडरकडूनच मळून आलेला असेल तर तुमच्या लाइनला दोष देण्यात अर्थ नाही. मग रिफ्लोनंतरचा (ओव्हनमध्ये पेस्ट वितळवून सोल्डर झालेला), मग वेव्हनंतरचा, मग टचअपनंतरचा, मग धुतल्यानंतरचा. प्रत्येक टप्प्यावर एक बोर्ड. उडी कुठे आहे ते लगेच दिसतं.

माझ्या अनुभवात उडी बहुतेकदा टचअपच्या टेबलावर असते. बाटलीतून फ्लक्स भरपूर सोडला जातो, आयर्न लागतं ते एका पायाला, आणि उरलेला फ्लक्स गरम न होता आजूबाजूला पसरून राहतो. न तापलेल्या फ्लक्समधले ॲक्टिव्हेटर जागेच असतात. बाटली काढून घ्या, फ्लक्स पेन किंवा फ्लक्स असलेली वायर द्या.

त्याच्यानंतर ब्रशने आयपीए मारून ‘साफ’ करणं. एकच ब्रश, एकच वाटी, दिवसभर. फ्लक्स बोर्डावरून जात नाही, पातळ होऊन सगळीकडे पसरतो, आयसीखालीही शिरतो, आणि वाळल्यावर पांढरट डाग उरतो. साफ करायचंच असेल तर पूर्ण बोर्ड धुवा आणि शेवटचं पाणी डीआय ठेवा. बोअरवेलच्या पाण्याने धुतलेला बोर्ड फ्लक्स गमावतो आणि त्या बदल्यात क्लोराइड आणि कॅल्शियम घेऊन येतो.

वेव्हनंतर उडी असेल तर पॅलेटच्या (वेव्हमध्ये बोर्ड धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या) खाचा बघा. फ्लक्स तिथे साचतो, वेव्ह तिथे पोचत नाही, आणि पुढच्या बोर्डाला तोच लागतो. पॅलेट किती बोर्डांनंतर धुतलं जातं, हे सुपरवायझरला न विचारता पॅलेटवरच बघा.